तीन नंबरचा सापळा

आमच्या वावरात चार कामगंध सापळे आहेत. त्यांना मी नंबर दिलेत. एक नंबर विहिरीजवळ, दोन नंबर बाभळीपाशी, चार नंबर रस्त्याच्या कडेला आणि तीन नंबर काकाजींच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. काकाजी म्हणजे शेजारच्या वावराचे मालक, आमच्या मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, लहानपणापासूनचे दोस्त. पुढे जे काय लिहिणार आहे ते सगळं या तीन नंबरपाशी येऊन अडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शेती एकूण पाच एकर, राळेगाव तालुक्यात, वरच्या पाण्यावर. त्यातली दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन-तूर. हेक्टरी पाच सापळे लावायला सांगतात, म्हणून दोन एकरांत चार. सापळा म्हणजे काय, तर प्लास्टिकचं नरसाळं, त्याखाली लांब पिशवी आणि वर टोपीखाली अडकवलेलं रबराचं इवलंसं बूच. त्या बुचाला गुलाबी बोंडअळीच्या, म्हणजे कापसाचं बोंड आतून खाणाऱ्या अळीच्या, मादी पतंगाचा वास. आपल्याला तो अजिबात येत नाही, मी नाकाला लावून बघितलंय. नराला मात्र येतो. तो येतो, नरसाळ्यात घसरतो आणि पिशवीत फडफडत राहतो.

रोज उजाडता मी पिशवीची गाठ सोडते आणि मोजते. पतंग मातकट रंगाचा, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा. बोटाला त्याची राख लागते. मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत चौकटी असतात, त्या कामाला येतात. आडवी तारीख, उभा सापळा. आकडा टाकायचा नि घरी येऊन चहा ठेवायचा. एका सापळ्यात आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले की फवारणीचा विचार करायचा, हा नियम. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलाय.

काकाजी धुऱ्यावर उभे राहून बघतात. "सूनबाई, पाखरं मोजून का पोट भरते काय?"

"नाही भरत, काकाजी. पण फवारणी एखादी वाचते."

"वाचली तं मले बी सांगजो."

*

मी या घरात आले तेव्हा बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेली पऱ्हाटी, नुकतीच आली होती. देशात तिला परवानगी मिळाली २००२ साली, आमच्या शिवारात ती पोचली दोनेक वर्षांनी. मामाजी सांगतात, त्याआधी हिरव्या अळीने, म्हणजे अमेरिकन बोंडअळीने, माणसं टेकीला आणली होती. आठवड्याला फवारणी, तरी अळ्या वेचून डब्यात टाकाव्या लागत. बीटीने ते थांबवलं, हे खोटं म्हणता येणार नाही. २००६ मध्ये दोन जनुकांची, म्हणजे दोन विषांची, बीटी आली. त्या वर्षांतल्या कापसावर आमचं स्लॅबचं घर उभं राहिलं.

गुलाबी अळी तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. तशी ती काही नवखी नाही. तिची पहिली शास्त्रीय नोंद १८४३ सालची आणि नमुने भडोचच्या कापसावरचे. गुजरातमध्येच, अमरेलीला, २००८च्या हंगामात पहिल्या बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या सापडल्या आणि २०१०मध्ये ते जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या बीटीचाही तोच हिशेब झाला.

आणि मग आलं २०१७. पऱ्हाटी छातीएवढी, बोंडं लदबदलेली, बघून डोळे निवावेत अशी. वेचणीला बायका लावल्या तर बोंडं उघडेनात. उघडली त्यांत अर्धी कवडी. कवडी म्हणजे पाकळी पिवळट, चिकटून कडक झालेली, बोटाने ओढली तरी निघत नाही. त्याच पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०च्या आसपास माणसं गेली. कुणी मालक, कुणी रोजाने पंप उचलणारे. आमच्या घरातला पंप तेव्हापासून मी यांना एकट्याने उचलू देत नाही. आधी वारा बघते, मग मास्क, मग पाण्याची बादली धुऱ्यावर.

चीड कशाची येते, तर त्यातली कितीतरी औषधं गुलाबी अळीपर्यंत पोचतच नव्हती. मादी अंडी घालते पातीवर म्हणजे कळीवर, फुलावर, नाहीतर हिरव्या बोंडाच्या देठाजवळच्या पापुद्र्यात. अळी निघाली की सुईच्या टोकाएवढी असताना आत शिरते आणि ते भोक मागून बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने बांधून घेते, फूल उमलतच नाही, मिटल्या मुठीसारखं राहतं. त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. तेवढीच एक खूण बाहेरून दिसते. बाकी सगळा कारभार घराचं दार लावून.

*

कापूस परिषद-मेळावे मी फार बघितलेत. खुर्च्या, हार, भाषण, जेवण. पण कृषी विज्ञान केंद्राच्या एका कार्यक्रमात नागपूरहून एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी भाषण केलंच नाही. "तुमच्याकडची मागच्या वर्षीची पऱ्हाट्यांची गंजी कुठंय?" म्हणाल्या. आम्ही पाच-सहा जणी त्यांना गावात घेऊन आलो. नेमकी माझ्याच घरामागची गंजी जवळ होती.

त्यांनी वाळलेलं, न फुटलेलं एक बोंड काढलं, नखाने फोडलं आणि सरक्या तळहातावर घेतल्या. त्यात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. "ही जोडसरकी बघा." ब्लेडने त्यांनी ती उकलली. दोन्ही सरक्या आतून पोखरून त्यांची एक खोली केलेली, भिंतींना पांढरं रेशीम आणि आत वेटोळं करून गुलाबी अळी. एप्रिल महिना, ४३ डिग्री ऊन आणि ही बाई आत गार झोपलेली. त्यांनी काडीने टोचलं तशी हळूच वळली.

हंगामाच्या शेवटी दिवस लहान झाले, गारवा आला की अळी अशी निजते. खात नाही, वाढत नाही. पावसाळी हवा लागली की कोष करते आणि पतंग होऊन उडते. म्हणजे चुलीसाठी म्हणून मी पऱ्हाट्या रचल्या होत्या आणि पुढच्या हंगामाचं बियाणं त्यातच जपून ठेवलं होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. बाजूची एक जण म्हणाली, "मॅडम, सिलिंडर भरून देता का मंग?" सगळ्या हसल्या, बाईपण हसल्या. पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि आजही कुणाकडे नाही.

जेवताना मी विचारलं, बीटीचं विष एवढं जालीम होतं तर हिला पचलं कसं? त्यांनी ताटातल्या भाताची शितं वेगळी मांडून दाखवलं. आपल्याकडची बीटी जवळजवळ सगळी संकरित. झाडाच्या पानात दोन्ही विषं आहेत, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिथे वाटणी होते. सोळा सरक्या धरल्या तर सरासरी नऊंमध्ये दोन्ही विषं, तिनांमध्ये पहिलं, तिनांमध्ये दुसरं आणि एकीत काहीच नाही. अळी एका सरकीतून दुसरीत जाते. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे नुसतं जेवण. थोडं थोडं चाखत सवय लागावी, अशी तिची सोय आपण प्रत्येक बोंडात करून ठेवली.

वर त्या नॉन-बीटीच्या पुडीचं आपण काय केलं ते आपल्यालाच माहीत. पूर्वी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. ते बी कडेच्या ओळींत लावायचं, म्हणजे बिनविषारी झाडांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होईल. आम्ही ती पुडी उकिरड्यावर फेकायचो. अळीसाठी मुद्दाम पीक लावायचं, हे ऐकून मामाजी दोन दिवस हसत होते. आता ४७५ ग्रॅमच्या एकाच पाकिटात ते बी मिसळूनच देतात, फेकायची सोयच ठेवली नाही.

चीनमधली गोष्ट तर मला फारच आवडली. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी महागडं संकरित बी दरवर्षी घेण्याऐवजी त्याच्या पुढच्या पिढीचं स्वस्त बी लावायला सुरुवात केली. त्या बियांत चौथा हिस्सा झाडं आपोआप बिनबीटीची निघत. अळीचा वाढत चाललेला चिवटपणा तिथे मागे फिरला. कुणी नियम केला नव्हता, कुणी भाषण दिलं नव्हतं. माणसं पैसे वाचवत होती, एवढंच.

*

दोन वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. मीलनात अडथळा आणणाऱ्या दोऱ्या निघाल्यात. वीतभर लांबीची नळी, आत तोच मादीचा वास. गॉसिप्लूर म्हणतात त्याला, त्याचं रसायन १९७३ सालीच उलगडलं होतं. एकरी साधारण १६० नळ्या झाडांच्या शेंड्याकडे बांधायच्या. सगळ्या वावरात मादीचाच वास भरून राहतो, नराला खरी मादी कुठे ते कळत नाही, जोडी जमत नाही, अंडी फळत नाहीत. विष नाही, मास्क नाही. मला हे इतकं पटलं की विचारायला नको.

पाती लागायच्या सुमाराला मी आणि माझ्या मुलीने ३२० दोऱ्या बांधल्या. दोन सकाळी गेल्या. ती म्हणाली, "आई, हे तर राखीचं काम आहे."

मग बघा वही. एक नंबर शून्य. दोन नंबर शून्य. तीन, चार शून्य. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, शून्यच. मी यांना वही दाखवायची, काकाजींना दाखवायची. एकदा तर कृषी सहायकांना फोटो काढून पाठवला.

ऑक्टोबरात वेचणीआधी सीतादही केलं, दहीभात ठेवला, आणि सहज म्हणून बोंडं फोडली. पद्धत अशी, की एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, चाकूने उभी चिरायची. वीसपैकी दोनांत जिवंत अळी निघाली की नुकसानीची पातळी गाठली समजायचं. विहिरीकडच्या एकरात एक निघाली. काकाजींच्या धुऱ्याकडच्या एकरात सात. चाकू तसाच हातात धरून मी खाली बसले.

शून्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता. वावरात जिकडेतिकडे मादीचा वास असताना नर सापळ्यातल्या एका बुचाकडे येईलच कशाला? त्याला मादी सापडत नव्हती तसा सापळाही सापडत नव्हता. म्हणजे दोऱ्या काम करत होत्या, शून्य त्याचीच खूण होती. पण धुऱ्यापलीकडे दोऱ्या नव्हत्या. तिथे जोड्या जमत होत्या आणि फळलेल्या माद्या रात्री धुरा ओलांडून माझ्या पऱ्हाटीवर येऊन अंडी घालत होत्या. फळलेल्या मादीला वासाशी काय घेणंदेणं? हे तंत्र सलग मोठ्या पट्ट्यावर चालतं, असं सांगितलेलं होतं. मी ऐकलंही होतं. पण सलग पट्टा आणायचा कुठून?

अमेरिकेने हीच अळी घालवली. २०१८च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या कापूसपट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर केलं. बीटी, दोऱ्या, काढणीनंतर ठराविक तारखेआत झाडं जमिनीत गाडायचा कायदा, आणि वरून विमानाने सोडलेले नपुंसक पतंग. एकट्या ॲरिझोनात २००६ ते २००९ या काळात २०० कोटींहून जास्त. ते पतंग वेगळे ओळखता यावेत म्हणून अळीच्या खाण्यातच रंग मिसळत. मी हे जेवताना सांगितलं तर मामाजी म्हणाले, "आपल्याकडं इमान आलं तं लोक आधी इलेक्शन हाय समजतीन."

*

काकाजींच्या बाजूने आता बोललं पाहिजे, नाहीतर ते या गोष्टीतले खलनायक वाटतील आणि तसं अजिबात नाही.

त्यांच्या विहिरीला पाणी आहे. डिसेंबरात कापूस वेचून झाला की आपण म्हणतो, पऱ्हाटी काढा, डिसेंबरअखेर वावर मोकळं करा. कारण गुलाबी अळीचं खरं घर कापूसच. मधले पाच-सहा महिने हिरवं बोंडच मिळालं नाही तर तिची साखळी तुटते. काकाजी एक-दोन पाणी देतात, पऱ्हाटी पुन्हा पाते धरते, फेब्रुवारीपर्यंत कापूस देत राहते. यालाच फरदड म्हणतात. वेगळं बियाणं नाही, नांगरणी नाही, खत नावापुरतं. कापूस हलका निघतो, भावही पडून मिळतो, पण खेडा खरेदीवाला दारात येऊन रोख मोजतो. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न फाल्गुनात होतं. मंडपवाल्याचा ॲडव्हान्स फरदडीने दिला.

"मी उपटली पऱ्हाटी, अन् पलीकडच्यानं ठेवली, तं अळी माह्याकडं नाही येईन काय?" ते विचारतात.

येईल. मी गप्प बसते.

त्यांना एकट्याला पऱ्हाटी काढायला सांगणं म्हणजे मी एकटीने दोऱ्या बांधण्यासारखंच आहे. तोटा त्यांचा पक्का, फायदा सगळ्या गावाचा आणि तोही सगळ्यांनी केलं तर. जूनच्या पेरणीचं तेवढं बऱ्यापैकी जमलं होतं. मधली काही वर्षं १ जूनच्या आधी कापसाचं बी शेतकऱ्याला विकू नका, असं सरकारने दुकानदारांना सांगितलं आणि दुकानात बीच नाही म्हटल्यावर सगळे आपोआप थांबले. त्यामुळे मे-जूनमध्ये गंजीतून, जिनिंगमधून निघालेल्या पतंगांना अंडी घालायला पाती मिळायची नाहीत. दोनेक आठवड्यांत मरायचे बिचारे. शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आत्मघाती उड्डाण म्हटलं होतं. पेरणीची तारीख दुकानाच्या शटरने पाळली गेली. पऱ्हाटी उपटायच्या तारखेला असं शटर कुठे लावणार?

नवीन काही ना काही येतच असतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कॅमेऱ्याचा सापळा केलाय, तो फोटोवरून पतंग मोजतो आणि आकडा मोबाईलवर धाडतो. मला यांनी बातमी दाखवली, "घे, तुझी नोकरी गेली." लखनौच्या संस्थेने गुलाबी अळीला पुरून उरेल असा नवा जीएम, म्हणजे जनुकं बदललेला, कापूस तयार केल्याचंही पेपरात आलं होतं. येऊ दे. येईल तेव्हा मी लावीन, नाही असं नाही. पण त्याचं बोंड चिरून आधी सरक्या बघीन. कमी दिवसांचं, सरळ वाढणारं वाण ओळीत दाट लावायचं, म्हणजे बोंडं लवकर आणि एकदम फुटतात, अळीची शेवटची मोठी पिढी यायच्या आत कापूस घरात, हे मला जास्त जवळचं वाटतं. ९० सेंटिमीटरवर ओळी आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर. टोबताना बायका कुरकुरल्या, "बाई, हे पऱ्हाटी लावता का संभार पेरता?" संभार म्हणजे कोथिंबीर. बी जास्त लागलं हे खरं. पण नोव्हेंबर संपता माझ्या तीन वेचण्या आटोपल्या होत्या.

*

२८ डिसेंबरला धनगराच्या मेंढ्या वावरात बसवल्या. दोन रात्री त्यांनी पानं, उरलीसुरली हिरवी बोंडं, सगळं साफ केलं. जाताना लेंडीखत देऊन गेल्या. मग ट्रॅक्टरने पऱ्हाट्यांचा भुगा करून घेतला. यंदा घरामागे गंजी नाही. चुलीला तुराट्या पुरवून घेतेय, बाकी सिलिंडर, आणि पाहुणे आले की जीव वर-खाली.

सापळे काढायचे राहिले होते. आज १० जानेवारी, म्हटलं गोळा करून आणावेत. वावर उघडंबोडकं, नजर थेट विहिरीपर्यंत जाते. एक नंबर रिकामा. दोन नंबरात एक, तोही जुना, वाळलेला. चार नंबर रिकामा.

तीन नंबरची पिशवी फडफडत होती. गाठ सोडून मोजले. एकोणीस. पलीकडे काकाजींची मोटर चालू होती, पाणी सरीतून चमकत होतं, आणि पऱ्हाटीला नवी पाती आलेली.

"किती?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

मी बोटांनी सांगितलं. दहा, मग नऊ.

त्यांनी फावडं टेकवलं, धुरा ओलांडून आले, पिशवीत वाकून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा सापळा राहू दे इथंच. पोरीले वही दे म्हणा एखांदी."